पीएच.डी.ला अर्ज करताय? टक्क्यांआधी जागा बघा

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा : "अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. वय ३८. एम.ए.ला ५४.६ टक्के. ओबीसी, वडील निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. लग्न झालंय, नवरा नोकरीत. नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय आणि राज्य पात्रता परीक्षा) काही नाही. नोकरी सांभाळून पीएच.डी.ला प्रवेश मिळेल का? कोणी सांगतं ५५ टक्के नाहीत म्हणून नाद सोडा, कोणी सांगतं पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) बंद झाली, कोणी सांगतं पैसे भरले की बाहेरच्या राज्यातून होऊन जाते. नक्की काय?"

मी अर्थशास्त्राचा मार्गदर्शक आहे आणि गेली बरीच वर्षं प्रवेशाच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. तुम्हाला सांगणाऱ्या तिघांपैकी पहिल्याने अर्धवट सांगितलं, दुसऱ्याने एका ठिकाणची गोष्ट सगळीकडे लावली आणि तिसऱ्याचा फोन नंबर पुसून टाका.

आधी टक्क्यांचं. सध्या लागू आहेत ते यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे नियम, ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झालेले. त्यांनी २०१६ चे नियम मोडीत काढले. तुमच्यासारख्या तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एम.ए. केलेल्यांना पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी नॉन क्रिमीलेअर, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे तुमची रेषा ५० ची. ५४.६ वाल्या तुम्ही तिच्या चांगल्या वर आहात. खुल्या प्रवर्गात असता तर मात्र हे ०.४ टक्के आडवे आले असते. ५४.६ चे ५५ होतील या भरवशावर कोणीही राहू नये. नेटच्या माहितीपत्रकात तर पूर्णांकात न वळवता ५५ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. श्रेणी पद्धतीवाल्यांनी आपल्या विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतर करणारं पत्र आधीच काढून ठेवावं. गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं सूत्र प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि छाननीला बसलेला कारकून स्वतः गणित करत बसत नाही.

नवीन शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीवाल्यांना एम.ए. न करताही थेट अर्ज करता येतो, पण त्यांना ७५ टक्के लागतात (सवलतीत ७०). तुमच्या विद्यार्थ्यांना हे सांगून ठेवा. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

आता सवलत कागदावर कशी मिळते ते. इथे माणसं सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा थांबतो. ५ टक्के सवलत जात सांगितल्याने मिळत नाही, अर्जाच्या शेवटच्या तारखेला चालू असलेल्या नॉन क्रिमीलेअर दाखल्याने मिळते. आपल्याकडे या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. विद्यापीठाची जाहिरात एप्रिलनंतर आली आणि तुमच्याकडचा दाखला मार्चमध्ये संपलेला असला, की तुम्ही त्या दिवसापुरत्या खुल्या प्रवर्गातल्या. आमच्याकडे एक मुलगी १२ दिवसांनी हुकली होती. तिच्याइतकी तयारी त्या वर्षी दुसऱ्या कोणाची नव्हती. आम्ही तिघे मुलाखतकार हळहळलो आणि पुढचं नाव पुकारलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"माझा आणि नवऱ्याचा पगार मिळून ८ लाखांच्या वर जातो, मग मला दाखला मिळणार नाही" हा समज शिक्षकांमध्ये फार पसरलेला आहे. केंद्राच्या निकषांप्रमाणे उमेदवार क्रिमीलेअरमध्ये आहे की नाही ते आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतं. उमेदवाराचा स्वतःचा पगार किंवा जोडीदाराचा पगार त्यासाठी बघत नाहीत. आई-वडिलांच्या बाबतीतही उत्पन्नाची ८ लाखांची कसोटी लावताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. पगारदारांसाठी पद कोणत्या गटातलं होतं हे बघतात. जिल्हा परिषदेचा शिक्षक वर्ग एकचा अधिकारी नसतो. तेव्हा वडिलांचे सेवेचे कागद घेऊन सेतू केंद्रात जा. नवऱ्याचा फॉर्म १६ मागितला तर वाद न घालता नायब तहसीलदारांना भेटा.

दाखला निघेल तो माहेरच्या नावाने, एम.ए.ची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, नोकरीचे कागद सासरच्या नावाचे. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्हींपैकी एक लागेलच. आणि राखीव जागेवर प्रवेश घेणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्रही मागतात. तुमचं नोकरीच्या वेळी झालं असेल तर शोधून ठेवा. नसेल तर आजच अर्ज करा, ते महिन्यांचं काम आहे. केंद्रीय संस्थेत अर्ज केलात तर ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि जात केंद्राच्या यादीतली लागते. राज्याचा दाखला तिथे चालत नाही.

आता पेट. बंद झाली हे अर्धसत्य आहे. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने सांगितलं की जून २०२४ च्या नेटपासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरता येतील. त्यानंतर जेएनयूसारख्या विद्यापीठांनी आपली वेगळी परीक्षा सोडून नेट धरली. राज्यातली विद्यापीठं आपापलं ठरवतात. काही पेट घेतात, काही दोन्ही चालवतात, आणि एकाच विद्यापीठाचं धोरण एका वर्षात बदललेलं मी पाहिलंय. म्हणून गेल्या वर्षी मैत्रिणीचं काय झालं यावर जाऊ नका, या वर्षीची जाहिरात वाचा.

नेटचा निकाल आता तीन कप्प्यांत लागतो. पहिला जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती), म्हणजे शिष्यवृत्ती, प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश हे तिन्ही. दुसरा प्राध्यापकपद आणि पीएच.डी. तिसरा फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्यातल्यांची गुणवत्ता यादी नेटचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरून लागते, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. प्राध्यापकपदाची पात्रता मात्र कायम राहते. तुमचं वय ३८, त्यामुळे जेआरएफ तुम्हाला नाही. तिची मर्यादा ३० ची, महिला आणि ओबीसींना ३५ पर्यंत. उरलेल्या दोन कप्प्यांना वयाची अट नाही. पगार चालू असताना शिष्यवृत्ती मिळणारही नव्हती, तेव्हा त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्याही पूर्णवेळ संशोधकांसाठी आहेत. हे इतक्यासाठी लिहिलं, की कोणीतरी तुम्हाला त्यांचेही फॉर्म भरायला सांगणार.

पेट असेल तर तिच्यात निम्मे गुण संशोधन पद्धतीला आणि निम्मे विषयाला. ५० टक्के मिळाले की मुलाखतीला बोलावतात, सवलतीच्या प्रवर्गांना ४५. पुढे इथेही तेच ७०-३०. अर्थशास्त्राचे शिक्षक विषयाच्या भागात तरून जातात आणि पद्धतीच्या भागात बुडतात. बारावीला वर्षानुवर्षं मागणीचा नियम शिकवून नमुना निवड, परिकल्पना, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं गंजलेलं असतं. नेटच्या पहिल्या पेपरच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले संशोधनावरचे प्रश्न सोडवा. बाजारातली पेटची जाडजूड गाईडं मी चाळली आहेत, त्यांत उत्तरंच चुकीची असतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य मध्येच आलं होतं : "सीनियर कॉलेजला जायचंय, त्यासाठी पीएच.डी. लागतेच." तसं नाही. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट हा किमान निकष आहे, पीएच.डी. ऐच्छिक आहे. ती पुढे सहयोगी प्राध्यापक होताना लागते. तेवढंच ध्येय असेल तर आधी सेट द्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, तिला वयाची अट नाही, आणि तिची तयारी सहा-आठ महिन्यांत होते. पीएच.डी.ला सहा-आठ वर्षं जातात. सेट झालेल्यांना अनेक विद्यापीठांत पेटमधून सूट मिळते, म्हणजे एका दगडात दोन्ही. मी तुमच्या जागी असतो तर हाच क्रम ठेवला असता.

पण समजा संशोधनच करायचंय. मग इथून पुढचं खरं. वर लिहिलेलं सगळं कोणीही जाहिरातीतून शोधून काढेल. प्रवेश अडतो तो वेगळ्याच ठिकाणी, मार्गदर्शकाकडे जागा नसते. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्याला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आता हिशेब करा. एखाद्या जिल्ह्यात अर्थशास्त्राचे पाच मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत. दोघे निवृत्तीला आलेले. दोघांच्या जागा भरलेल्या, आणि त्यांतले निम्मे विद्यार्थी सात-सात वर्षं अडकून पडलेले, म्हणून जागा सुटतच नाहीत. राहिला एक, त्याच्याकडे एक जागा, आणि ती आरक्षणाच्या बिंदुनामावलीत (प्रवर्गनिहाय जागावाटपाच्या क्रमात) कुठल्या प्रवर्गाला जाते ते विद्यापीठ ठरवणार. पेटमध्ये ८० टक्के मिळवून माणसं घरी बसलेली असतात ती याच्यामुळे. पेट पास होणं म्हणजे प्रवेश मिळणं, असं पेढे वाटणाऱ्या घरांना वाटतं. दोन वर्षांनी तेच लोक "काय झालं हो तुमच्या पीएच.डी.चं" असं विचारतात.

म्हणून परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची विषयवार रिक्त जागांची यादी उघडा. तिच्यात मार्गदर्शकाचं नाव, संशोधन केंद्र आणि रिक्त जागा असतात. ती यादी शिळी असते हेही खरं. मग संशोधन केंद्रात फोन करा आणि कारकुनाला विचारा. प्राचार्यांपेक्षा त्याला अचूक माहीत असतं. मार्गदर्शकाची निवृत्ती कधी आहे हे विचारायला संकोचू नका. निवृत्तीनंतरही तो वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतो, पण मग मुख्य मार्गदर्शक दुसरा येतो आणि दुसऱ्याला तुमच्या विषयात रस असेलच असं नाही.

संशोधन केंद्र किती लांब आहे हेही बघा. नोकरी सांभाळून म्हणजे अर्धवेळ पीएच.डी. नियमात बसते. त्यासाठी संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. अर्धवेळ पीएच.डी. करायला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त करू. "आमची काही हरकत नाही" असं एका ओळीचं पत्र घेऊन येणारे दरवर्षी परत जातात. संस्थाचालक तिसऱ्या मुद्द्यावर कुरकुर करतात. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) असतं. बरीच केंद्रं ते दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा शनिवार-रविवारी बसवतात, हे सांगितलं की सही होते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. मात्र नियमात नाहीच. परदेशी विद्यापीठाच्या नावाने ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांबद्दल यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांनी ऑक्टोबर २०२२ मध्येच जाहीर सावध केलं होतं. बाहेरच्या राज्यातून पैसे भरून करणाऱ्यांचं काय होतं, तर जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएच.डी. प्रवेश द्यायला बंदी घातली. तिथून ती पदवी घेतलेल्यांनी आता नोकरीच्या मुलाखतीत काय सांगायचं, ते ज्यांनी प्रवेश मिळवून दिला त्यांनाच विचारावं.

मुदतीचं थोडं. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना याच्यावर दोन वर्षं अधिक, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हा वेळ पुरेसा आहे, पण तो आहे म्हणून पहिली तीन वर्षं घालवू नका. २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती काढली. काही विद्यापीठांनी स्वतःच्या नियमात ती ठेवली आहे, तेवढं विचारा.

आता मुलाखत, आणि तिच्याबरोबर विषय. संशोधनाचा आराखडा, ज्याला सगळे सिनॉप्सिस म्हणतात, तो घेऊन लोक येतात आणि मथळ्यावरच कळतं. "लातूर जिल्ह्यातील महिला बचत गटांचा आर्थिक अभ्यास : विशेष संदर्भ निलंगा तालुका." तालुका बदलला की नवीन पीएच.डी. "एक चिकित्सक अभ्यास", "एक दृष्टिक्षेप", "विशेष संदर्भ" हे तीन शब्दप्रयोग बंद केले तर आपल्या विद्यापीठांतल्या निम्म्या प्रबंधांना नाव उरणार नाही. शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उघडून बचत गट टाका आणि किती येतात बघा. आम्ही मुलाखतीत पहिला प्रश्न तोच विचारतो : "यात आधी कोणी काय केलंय?" याला "फारसं कोणी काही केलेलं नाही" असं उत्तर आलं की आम्ही एकमेकांकडे बघतो.

तुम्ही लातूरच्या आहात. सोयाबीनच्या मोठ्या बाजारपेठेत राहता. मग असं विचारा : शेतकरी काढणीनंतर लगेच का विकतो, भाव वाढण्याची वाट का बघत नाही? त्याच्याकडे साठवायला जागा नाही, की पीककर्ज आणि उधारी फेडायची घाई आहे, की साठवून भाव वाढतील यावर त्याचा विश्वासच नाही? तीन कारणं, तिघांचं वजन वेगवेगळं, आणि ते मोजता येतं. बाजार समितीच्या आवक-भावाचे आकडे अॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर वर्षानुवर्षांचे फुकट मिळतात. गोदामात माल ठेवून पावतीवर कर्ज घेता येतं, ते किती जण घेतात हे चार गावं फिरून कळेल, आणि तुमच्या वर्गातली निम्मी मुलं त्याच घरांतली आहेत. शनिवार-रविवारी एसटीने जाऊन येण्यासारखं हे काम आहे. मुलाखतीतही आम्ही हेच तपासतो : माणसाकडे प्रश्न आहे का, तो या केंद्रात राहून, याच्या नोकरीच्या वेळात सुटेल का, आणि उत्तर चुकीचं निघालं तर हा ते मान्य करेल का. शेवटचं कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही, पण मी त्याला सर्वांत जास्त गुण देतो. एकदा एका उमेदवाराला विचारलं, तुमची परिकल्पना खोटी ठरली तर? तो म्हणाला, "ठरणार नाही सर, आकडे तसेच घेऊ." प्रांजळ होता बिचारा.

मराठीत प्रबंध लिहिता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. अनेक विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांत येतो. पण आधीचं वाचन इंग्रजीतच करावं लागेल, त्यातून सुटका नाही.

विज्ञानवाल्यांची वाट निराळी आहे. आयआयटी, आयसर, टीआयएफआर यांचे प्रवेश गेट, सीएसआयआर नेट, जेस्ट किंवा संस्थेच्या स्वतःच्या परीक्षेतून होतात, काम जवळपास पूर्णवेळ असतं आणि शिष्यवृत्ती गृहीत धरलेली असते. कोणाची मुलगी तिकडे जाणार असेल तर तिला वरचं काही लागू करू नका.

तुमच्यापुरतं : नॉन क्रिमीलेअरचा अर्ज या आठवड्यात. सेटचा अभ्यास लगेच सुरू. रिक्त जागांची यादी महिन्यातून एकदा. आणि तीन मार्गदर्शकांना पत्र. त्या पत्रात "आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची मनापासून इच्छा आहे" असं लिहू नका, सगळे तेच लिहितात. आधी त्यांचा एखादा शोधनिबंध वाचा, त्यात न पटलेली किंवा पुढे नेण्यासारखी एक गोष्ट दोन ओळींत लिहा, मग स्वतःचा प्रश्न पाच ओळींत, मग नोकरी आणि अर्धवेळाचं. आराखडा जोडू नका, मागितला तर पाठवा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा करू नका, यादीतलं पुढचं नाव घ्या.